मागच्या चाकातली हवा

१८ एप्रिल

चि. पोरीस,
आशीर्वाद.

फोनवर आपल्या दोघींना नुसतं रडताच येतं. तू तिकडे हुंदके देतेस, मी इकडे, आणि मग कुणीतरी एक फोन ठेवते. म्हणून आज कागद घेतला. दवाखान्याच्या धुलाईखात्यात चादरींना ठिगळं लावून बोटं आखडली आहेत, अक्षराला हसू नकोस.

बाब्याला जाऊन महिना झाला. लोक यायचे ते बंद झाले. मला आता दुसरं काही नको, मला तो दिवस हवाय. सकाळी दारात गाडी सुरू केली, ‘येतो गं’ म्हणाला, तेवढाच माझ्याकडे आहे. पुढचा सगळा तुझ्याकडे आहे. काय खाल्लं, काय बोलला, कुठे कुठे थांबलात, सगळं लिही. हातचं काही राखून ठेवू नकोस. खूश होता का, तेवढं तर आधी लिही.

तुमचा जाड्या येऊन गेला. एवढा आडदांड बँकेतला माणूस, पण माझ्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला. त्याने सांगितलं, दुसऱ्या पॉइंटवरून परत निघताना बाब्या म्हणाला की मागच्या चाकात हवा कमी वाटतेय, हिला तू तुझ्या मागे घे. तुमचा तो नियम मला माहीत आहे, ज्याच्या मागे बसून निघायचं त्याच्याच मागे बसून परत यायचं. बाब्या त्यावरून किती चेष्टा करायचा, म्हणायचा, ‘आई, लग्नाला एवढे नियम नसतात.’ तो नियम मोडून त्याने तुला उतरवलं. जाता जाता तुला माझ्यासाठी ठेवून गेला गं. ह्या एका गोष्टीवर मी दिवस ढकलते आहे.

आणि ज्याने आदल्या संध्याकाळी गाडी तपासली, हवा भरली, ‘ताई, गाडी एकदम टकाटक’ म्हणून चावी माझ्या हातात दिली, तो माझा सख्खा भाऊ. कोपऱ्यावर त्याचं गॅरेज आहे म्हणून मी निर्धास्त होते. त्याला सांगितलंय, ह्या घराची पायरी चढू नकोस.

तू मात्र ये. बाब्याची खोली तुझी आहे. तुमचं लग्न झालं नाही म्हणून काय झालं, सून ती सून. आणि काकू काय म्हणतेस, आई लिही.

तुझी आई


२९ एप्रिल

प्रिय काकू,

सवय आहे हो, एकदम ‘आई’ लिहायला हात वळत नाही. रागावू नका.

खूश होता. हे आधी लिहा म्हणालात म्हणून आधी लिहिलं.

सकाळी तुमच्या गल्लीतून निघालो तेव्हा थंडी होती. मी त्याचंच जाकीट घातलं होतं आणि तो कुडकुडत होता, पण कबूल करेल तर शपथ. मी म्हटलं, जाकीट घे, तर म्हणाला, ‘मला घाम येतोय.’ दात वाजत होते त्याचे! चार गाड्या होत्या. सगळ्यात पुढे आमच्यातला वायरमन, कारण त्याला रस्ता माहीत असतो असं त्यालाच वाटतं. नदीच्या पुलावर तो चुकला आणि आम्ही सगळे एका लाकडाच्या वखारीच्या अंगणात जाऊन उभे राहिलो. वखारीचा मालक दात घासत बाहेर आला आणि म्हणाला, ‘एवढ्या सकाळी लाकूड मिळत नाही.’ बाब्या इतका हसला की त्याला गाडी धरता येईना.

घाटात शिरलो आणि झाडांना नुकती पानं फुटलेली दिसली. इतकी कोवळी की उन्हात आरपार दिसत होतं. बाब्या ओरडून काहीतरी म्हणाला, हेल्मेटमध्ये मला ऐकू आलं नाही. मी ‘काय?’ म्हटलं, तो पुन्हा ओरडला, तरी नाही. शेवटी थांबल्यावर विचारलं तर म्हणाला, ‘मी म्हटलं, बघ.’ बस, एवढंच.

पहिला पॉइंट म्हणजे रस्त्याकडेचा कठडा. खाली दरी, त्यात सगळीकडे पांढरी फुलं. आम्ही उकडलेली अंडी खाल्ली, थर्मासमधला चहा प्यायलो. बाब्याने चार अंडी खाल्ली, त्यातली दोन जाड्याची. जाड्या अजून ती अंडी आठवून रडतो.

काकू, खोलीचं म्हणाल तर मला एवढ्यात नाही जमणार. चष्म्याच्या दुकानाची नवी शाखा निघाली तिथे मीच बदली मागून घेतली. दिवसभर काचा घासते, फ्रेममध्ये बसवते. काचा घासताना डोकं रिकामं राहतं, ते बरं असतं.

एक सांगू? मामांना एवढं बोलू नका. चाकाचं नक्की कुणाला ठाऊक आहे? पडल्यावर गाडीचा चेंदामेंदा झाला होता, त्यातून काय कळणार?

तुमची
मी


१२ मे

पोरी,

तुझं पत्र मी उशीखाली ठेवते. वखारवाल्याचं वाचून हसले. बाब्या गेल्यापासून पहिल्यांदा हसले, आणि हसल्याची लाज वाटून मग रडले. चार अंडी! घरी एक खाताना नाक मुरडायचा मेला.

पण तू अर्ध्यात सोडलंस. दुसऱ्या पॉइंटचं कुठे आहे? जाड्या म्हणाला, तिथे तुम्ही दोघं सगळ्यांपासून लांब, टोकाच्या कठड्याशी किती तरी वेळ बोलत उभे होता. बाकीचे म्हणे मुद्दाम तिकडे आले नाहीत, म्हणाले, बोलू द्या जोडीला. मी काही कुक्कुलं बाळ नाही, मला कळतं काय बोलणं झालं असेल. गेल्या हिवाळ्यापासून तो घरात गप्प गप्प असायचा. विचारलं तर म्हणायचा, ‘सांगेन गं, आधी तिच्याशी बोलू दे.’ म्हणजे लग्नाचंच ना? लाजू नकोस. माझ्याजवळ आता उरलंय काय, तुझ्या तोंडून तेवढं ऐकायचं राहिलंय.

खोलीचे पडदे मी उसवून पुन्हा शिवले. त्याचे बूट मात्र दारामागेच आहेत, ते हलवायला हात होत नाही.

आणि मामाची वकिली तू करू नकोस. ‘नक्की कुणाला ठाऊक’ म्हणे! ज्याची गाडी त्याला ठाऊक. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं हवा कमी आहे म्हणून. मेलेलं पोर खोटं बोलेल का? परवा मामा फळं घेऊन दारात आला. मी पिशवी बाहेर भिरकावली आणि भर गल्लीत म्हणाले, ‘तुझ्या हातानं माझं पोर गेलं.’ सगळ्या खिडक्या उघडल्या. त्याने वाकून संत्री गोळा केली आणि गेला. त्या दिवसापासून गॅरेज बंद आहे.

दुसऱ्या पॉइंटची वाट बघते आहे.

आई


३० मे

प्रिय काकू,

दुसरा पॉइंट खूप उंच होता. वारा इतका की बोललेलं ऐकायला जवळ उभं राहावं लागे. खाली धरण दिसत होतं, त्याच्या पाण्यावर ढगांच्या सावल्या सरकत होत्या. कठड्यावर लोकांनी नावं कोरलेली होती. बाब्या ती वाचत होता.

तिथे आम्ही बोललो. खरंय.

पुढचं आज लिहवत नाही हो. दुकानात गर्दी आहे, माझ्या हातून परवा एक काच फुटली. मामांनी गॅरेज उघडलं का? तेवढं कळवा ना.

तुमची
मी


१६ जून

पोरी,

कळलं मला. त्याने विचारलं आणि तू हो म्हणालीस. एवढ्यासाठी एवढे आढेवेढे! अगं, मी काय तुझी सासू म्हणून डोळे वटारून बसलेय का? धुलाईत मी सगळ्यांना सांगून टाकलं की माझी सून येणार आहे राहायला. इस्त्रीवाली म्हणाली, ‘बाई, पोरगी तरुण आहे, तिला बांधून कशाला ठेवता?’ मी म्हटलं, बांधत नाही. राहील तेवढी राहू दे, पुढे तिचं मन बदललं तर मीच उजवून देईन. खरंच देईन. पण थोडे दिवस माझ्याजवळ राहा. संध्याकाळी घरात दिवा लावला की दुसरं माणूस नसतं.

मामाचं विचारलंस. मामी आली होती. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं नाही मी. म्हणाली, तो जेवत नाही. हवेचं मीटर हातात घेऊन ओट्यावर बसतो, आणि येईल जाईल त्याची सायकल, स्कूटर थांबवून चाक तपासतो. परत परत तपासतो, माणसं हसायला लागली आहेत. हवा भरायचा कॉम्प्रेसर विकायला काढलाय. म्हणाली, ‘ताई, तुम्ही एक शब्द बोला, त्याला तुमचाच शब्द लागतो.’

मी म्हटलं, माझा शब्द संपला.

हे लिहितानाही माझं मन थाऱ्यावर नाही. धाकटा आहे गं माझा. आई कामावर जायची तेव्हा कडेवर घेऊन फिरवलाय मी त्याला, माझ्या खांद्यावर त्याची लाळ असायची. आपलेच दात, आपलेच ओठ. पण त्याच्याकडे बघितलं की मला ते चाकच दिसतं. मी काय करू?

तू आलीस की बरं वाटेल. कधी येतेस ते लिही.

आई


२४ जून

काकू,

मी येणार नाही. का येणार नाही ते आज लिहिते. हे वाचून तुम्ही मला दारात उभं करणार नाही हे मला माहीत आहे, तरी लिहिते, कारण मामा लोकांची चाकं तपासत बसले आहेत.

दुसऱ्या पॉइंटवर बाब्याने लग्नाचं विचारलं नाही. त्याने मला सोडलं.

वाईट शब्दात नाही हो. बाब्याला वाईट बोलता यायचंच कुठे. कठड्यावरची नावं वाचता वाचता म्हणाला, ‘माझं मन लागत नाही गं आता. खूप दिवस झाले. तुझ्यात काही खोट नाही. मी हिवाळाभर वाट बघितली की लागेल, नाही लागलं.’ मी विचारलं, दुसरी कुणी आहे का? म्हणाला, ‘नाही. असती तर सांगायला सोपं गेलं असतं.’ मी भांडले, रडले. त्याने रुमाल दिला. मी तो घेतला, त्याचाही आता राग येतो मला. नाक पुसलं आणि त्यालाच परत दिला.

मग निघायची वेळ झाली. जाड्या हाका मारत होता. मी म्हटलं, ‘मी तुझ्या मागे बसणार नाही.’ त्याच्या कंबरेला धरून घाट उतरायचा, आणि आता काही नातं नाही, हे मला शक्य नव्हतं. तो म्हणाला, ‘अगं, पण नियम आहे, सगळे विचारतील.’ मी म्हटलं, विचारू देत. तर म्हणाला, ‘नको. तुझं हसं व्हायला नको.’ आणि मागच्या चाकाला बुटाने दोन लाथा मारल्या आणि ओरडला, ‘जाड्या, हवा कमी वाटतेय रे, हिला तू घे!’

चाकात हवा होती, काकू. पुरेपूर होती. सकाळपासून दोघांचं वजन घेऊन ती गाडी घाट चढली होती. मामांनी काहीही चुकवलेलं नाही. बाब्याने मला लोकांत खाली बघायला लागू नये म्हणून ते केलं. चांगल्या मनानं केलं.

तो आमच्या पुढे गेला. शीळ घालत. तुम्ही विचारलं होतं, खूश होता का, आणि मी हो लिहिलं. ते खोटं नव्हतं. मला सांगून त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं, मला मागून त्याची पाठ दिसत होती, इतकी मोकळी मी ती कितीतरी दिवसांत बघितली नव्हती. आणि मी जाड्याच्या मागे बसून त्याला शिव्या देत होते. मनातल्या मनात. एका वळणावर रस्त्यावर बारीक खडी सांडलेली होती. जाड्याचंही चाक तिथे सरकलं, पण जाड्या हळू चालवतो. बाब्या हळू नव्हता. आम्ही वळलो तोवर सगळं झालं होतं.

तेव्हाच का नाही सांगितलं म्हणाल. दवाखान्याच्या बाकावर तुम्ही मला मिठी मारून ‘माझी सून’ म्हणालात. जगात कुणाचंच नव्हतं मन माझ्यात, त्याचंही नव्हतं, आणि तुम्ही म्हणालात माझी सून. मला ते हवं होतं. मी त्याची होते, ही गोष्ट फक्त तुमच्याच घरात उरली होती, तुमच्या पत्रांत उरली होती. ती मीच कशी मोडू? लोक मला म्हणतात, धीर धर, तुझं माणूस गेलं. माझं माणूस गेलं खरं, पण ते सगळ्यांना वाटतं त्याच्या तासभर आधी गेलं. मी नक्की कशासाठी रडते ते मलाच कळत नाही. मेला म्हणून की सोडलं म्हणून? एकासाठी रडायला बसले की दुसरंच आठवतं.

त्या खोलीवर माझा हक्क नाही. पडदे कुणासाठी शिवलेत ते वाचून माझा जीव अर्धा झाला.

मला काय म्हणायचं ते म्हणा. मामांना मात्र सांगा.

मी


१९ ऑगस्ट

पोरी,

तुझं पत्र वाचलं त्या दिवशी मी तुला नाही नाही त्या शिव्या दिल्या. एकटीच, स्वयंपाकघरात उभी राहून. म्हटलं, खोटारडी. मामीने हिला गाठलं आणि हिने माझ्या मेलेल्या पोराच्या तोंडी काहीबाही घातलं. उत्तर लिहायचं नाही असंच ठरवलं होतं.

पण मन काही गप्प बसेना. जाड्याला बोलावलं. त्याला तुझं काही सांगितलं नाही, एवढंच विचारलं की चाक तू पाहिलं होतंस का. तो गोरामोरा झाला. म्हणाला, ‘काकू, निघायच्या आधी मी अंगठ्याने दाबून बघितलं होतं. दगडासारखं टणक लागलं. मला वाटलं, गाडी त्याची, त्याला जास्त कळतं.’ एवढे महिने त्याने ते मनात ठेवलं. मला दुखवू नये म्हणून! तुम्ही सगळे मला दुखवू नये म्हणून गप्प बसलात आणि मी तिकडे एक माणूस उभा जाळला.

तुझ्यावर राग आहे माझा. लपवत नाही. तुला आधी तोंड उघडता आलं असतं. पण त्याहून जास्त राग बाब्याचा येतो, आणि तो काढायला तो नाही. इतकी चांगली मुलगी, आणि म्हणे मन लागत नाही! असता तर कान धरून विचारलं असतं. मग वाटतं, नसतं लागत एखाद्याचं. त्याच्या बापाचंही नव्हतं लागलं माझ्यात. त्याने तर निघून जाताना खोटंही बोलायची तसदी घेतली नाही. बाब्या बोलला, ते बापापेक्षा बरं.

मी मामाकडे गेले. ओट्यावर बसला होता, दाढी वाढलेली, कॉम्प्रेसर होता तिथे नुसता तेलाचा डाग. मी त्याच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. तुझं नाव घेऊन, शब्द न शब्द. म्हटलं, ‘तुझी काही चूक नव्हती रे. माझीच जीभ. उचलली आणि लावली टाळ्याला.’ मला वाटलं, तो रडेल, मग मी रडेन, आणि संपेल.

तो हसला. म्हणाला, ‘असू दे ताई. मला बरं वाटावं म्हणून त्याला कशाला खोटं पाडतेस? मेलेलं पोर खोटं बोलेल का?’

माझंच वाक्य. गल्लीत सगळ्यांना सांगत फिरत होते ते. मी जाड्याचं सांगितलं, अंगठ्याचं सांगितलं. तो म्हणाला, ‘अंगठ्याने काय कळतं? मी त्या संध्याकाळी घाईत होतो, व्हॉल्व्हची टोपी पिळली की नाही ते मला आठवत नाही.’ आधी त्याला सगळं आठवत होतं गं! पहिल्या दिवशी त्याने मला शपथेवर सांगितलं होतं, मीटर लावून बघितलं, टोपी घट्ट केली. मीच ऐकून घेतलं नाही. मी त्याच्या डोक्यात ते एवढं ठोकून बसवलंय की आता माझ्याच हाताने निघत नाही. मी शपथा घातल्या, हाताला धरून गदगदा हलवलं. तो माझीच समजूत काढत बसला. पाठीवरून हात फिरवत म्हणाला, ‘तू मला माफ केलंस ना, मग झालं.’ माफ! काय माफ करू मी त्याला?

मामी आत जेवणाचं ताट झाकून बसली होती. बाहेर आली नाही.

म्हणून लिहिते. तू ये. सून म्हणून बोलावत नाही, तो विषय संपला. काकूच म्हण मला, तेच बरोबर होतं. बाब्याच्या खोलीत तुला झोपवणार नाही, माझ्याजवळ अंथरूण घालीन. आणि आल्यावर माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर नको बोलूस, मीही कदाचित पहिले दोन दिवस धड बोलणार नाही.

पण त्या कठड्याशी तूच होतीस. त्याने तुला काय म्हटलं, कशी लाथ मारली चाकाला, ते बघितलेलं माणूस तूच. मामाला माझं खरं वाटत नाही, मी त्याची बहीण आहे, मी दयेनं बोलते असं त्याला वाटतं. तुला त्याच्यावर दया करायचं काही कारण नाही. तू त्याच्यासमोर बसून सांग की माझा मुलगा खोटं बोलला. मी शेजारी बसेन आणि हो म्हणेन.

काकू